घरात इचारा

॥ श्री ॥

अमरावती
५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. दीपमालास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मधेच ठेवलास म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मधेच ठेवता येत नाही. फाडलंस तर तुकडे तुलाच झाडावे लागतील, म्हणून वाचून घे. आईनं आपल्या दोघींना लग्नानंतर बजावून ठेवलं होतं, की भांडण झालं की फोन करू नका, लिहा. लिहिता लिहिता अर्धा राग निघून जातो. पाहू जातो का.

तू मला लबाड म्हणालीस. सून आणायला निघालेल्या बाईला धाकटी बहीण फोनवर लबाड म्हणते, अन् हे शेजारीच बसलेले. यांनी सगळं ऐकलं आणि पेपरात तोंड घालून हसले. आता उठता बसता मला विचारतात, चहात साखर घातली का, खरं सांग हं.

असो. शांतपणे सांगते. पोळ्याला मी गावी गेले होते. आपल्याकडे आता बैल नाहीत, तरी बाबांनी तिवशाहून मातीची जोडी आणून पुजली. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून मी त्यांना म्हटलं, की बाबा, आई जाऊन वर्ष झालं. आषाढात तुम्ही अंगणातल्या शेवाळावर घसरून पडलात आणि शेजारचा श्रावण घरी येईपर्यंत कोणाला कळलं नाही. आता थंडीच्या आत माझ्याकडे कायमचे राहायला या. बाबा हाव म्हणाले. मी म्हटलं नक्की ना. तर म्हणाले, हाव म्हटलं ना.

त्या हावच्या भरवशावर मी खालची खोली रिकामी केली. माझी शिलाई मशीन जिन्याखाली गेली, ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका तिथे वाकून मापं देतात आणि डोकं आपटलं की माझ्या नावानं बोटं मोडतात. न्हाणीत धरायला दांडा बसवला, कमोड बसवला, पूर्वेच्या खिडकीशी पलंग टाकला. आणि तू फोनवर सांगतेस, की बाबा तर अकोल्याला येणार, तसं त्यांनी तुला कबूल केलंय! मी म्हटलं हे खोटं आहे, तर तू म्हणालीस लबाड तूच बोलून राहिली.

गुरुजींनी पत्रात मला-तुला लिहायचं शिकवलं म्हणून इतका वेळ तसं लिहिलं. आता नाही होत. मले सांग, बाबा तुले काय म्हणाले? शब्दाले शब्द सांग. काहून की आपल्या दोघींपैकी एक लबाड बोलून राहिली, नाहीतर बाबा बोलून राहिले. अन् बाबा लबाड बोलतात हे मी काही मरेपर्यंत मानत नाही.

नितेशरावांचा गुडघा कसा आहे ते कळव. कैरीचं लोणचं एसटीनं पाठवणार होते, पण आता तुझं उत्तर पाहून ठरवीन.

कळावे. राग सगळा वर लिहून काढला आहे, लोभ खाली शिल्लक आहे, तो घे.

तुझी,
चंदाताई


अकोला
१३ सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
दीपूचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, फाडलं नाही. महालक्ष्म्या काल उठल्या, आज हात रिकामे झाले तेव्हा लिहायला बसले. लबाड म्हणाले ते मागे घेते. लोणचं पाठवून दे.

शब्दाला शब्द सांगते. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगती उठल्यावर बाबा गोठ्यात गाईला कुटार टाकत होते. तू आत भांडी मोजत होतीस. मी जवळ जाऊन विचारलं, की बाबा, अकोल्याला चला माझ्याकडे, कायमचे. म्हणाले, हाव. मग विचारलं तिथल्या मोर्णा नदीला पाणी असतं का. मी म्हटलं असतं थोडंफार. मग गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर हिले कसं चढवान? मी म्हटलं आम्ही खालचं घर बघतो. हाव म्हणाले. एवढंच बोलणं झालं, देवाशपथ. त्या हावसाठी आम्ही तिसरा मजला सोडून विद्यापीठाच्या मागे तळमजल्यावर आलो. नितेशचे आई-वडील मागे कधी आले होते तेव्हा घर बदललं नव्हतं, हे त्याच्या मनात आलं असेल, पण तो बोलला नाही. पाय दुखत असताना सामान उचललं बिचाऱ्यानं.

ताई, लबाड तूही नाहीस आणि मीही नाही. आपण दोघी बाबांचं हाव विसरलो. माहेर सुटून इतकी वर्षं झाली की बाहेरच्या माणसांसारखं ते खरं धरून बसलो. आठवतं का, पेरणीच्या वेळी एकाच दिवसासाठी बैलजोडी द्यायला दोघांना हाव म्हटलं होतं, आणि सकाळी दोघेही जू घेऊन दारात? बाबा मागच्या दारानं नदीवर गेले. आई पदर खोचून बाहेर आली आणि दोघांनाही नाही म्हणाली. आणि माझं लग्न! परतवाड्याच्या बाजारात कोण्या अनोळखी माणसानं बाबांना भजी खाऊ घातली आणि आमच्या पोराला तुमची धाकटी द्या म्हटलं, तर बाबा हाव म्हणून घरी आले. ते लोक नारळ घेऊन दारात! आईनं त्यांना चहा पाजला, पोहे दिले, आणि मग नाही म्हणाली. नाहीतर मी आज परतवाड्याला मिरची कांडत असते.

नाही म्हणायचं काम आईचं होतं. कोणी काही मागायला आलं की बाबा म्हणायचे, हाव, न्या ना, पण घरात इचारा. घरात म्हणजे आई. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला हात टेकून उभी राहायची आणि नाही म्हणायची. गावानं बाबांना देवमाणूस म्हटलं आणि आईला खाष्ट. मी एकदा तिला विचारलं होतं, की तुला वाईट नाही वाटत का गं. ती म्हणाली, दोघांनी हाव म्हटलं तर घरात भांडंकुंडं राहील का, अन् दोघांनी नाही म्हटलं तर दारात कोण येईल?

आता ती नाही. बाबांच्या हावच्या मागे कोणीच उभं नाही. मला याचीच जास्त भीती वाटते, पडण्याहूनही.

मी बाबांना पत्र टाकलं आहे. एकच विचारलं, ताईकडे की माझ्याकडे. फोनवर विचारण्यात अर्थ नाही. ऐकू येत नाही म्हणून ते प्रत्येक वाक्याला हाव म्हणतात. ते पडले तेव्हा मी विचारलं लागलं का, हाव म्हणाले. विचारलं म्हणजे फार लागलं नाही ना, तरी हाव.

भावजींना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं साखर घातलेली नाही, धाकटी बहीण सांगते.

कळावे. लोभ आहेच, तो कमी पडला तर लोणच्यासोबत पाठव.

तुझी,
दीपू


मु. पो. गावाहून
१७ सप्टेंबर २०२४

चि. सौ. दीपमाला हिले,
जानरावचे आशीर्वाद. हेच पत्र चंदालेबी लिहिलं, दोघी एकमेकीचं वाचू नका, एकच हाये.

माही तब्येत चांगली हाये. इकडं पाऊस लय झाला, पऱ्हाटी लाल पडून राहिली. सोयाबीन सोंगाले आलं. गाय गाभण हाये, दिवाळीच्या मांगं पुढं होईन.

तुहं पत्र पोचलं. तू इचारलं का चंदाकडं का तुह्याकडं. हाव. येतो ना. चंदानं पलंग टाकला, तिले नाई कसं म्हनू? तू घर बदललं, जवायाचा पाय दुखते तरी बदललं, तुले नाई कसं म्हनू? तुमी दोघी मिळून जे ठरवान त्याले माहं हाव हाये. पन भांडू नका. तुमच्या मायले भांडन आवडत नाई.

उत्तमराव आलता. म्हने कार्तिकात सप्ता हाये, विना तुमीच धरा. त्यालेबी हाव म्हटलं. श्रावण फवाऱ्याचा पंप मांगाले आलता. म्हटलं ने ना, पन घरात इचार. इचारलं त्यानं अन् परत गेला. पोरगा गुनाचा हाये.

अंगनातलं शेवाळ काढून टाकलं. जेवन टायमावर होते. काळजी करू नोका.

तुहा बाप,
जानराव


अमरावती
२१ सप्टेंबर २०२४

चि. सौ. दीपूस,
ताईचे आशीर्वाद. लोणच्याची बरणी आज पाठवली, पोचल्यावर तेल वर आलं का ते बघ.

बाबांचं पत्र मलाही आलं. दोघी मिळून ठरवा म्हणे! म्हणजे आता त्यांचं हाव आपल्याच पदरात टाकून ते मोकळे. आणि कार्तिकात सप्त्याची वीणा धरायला उत्तमरावकाकांनाही हाव. अमरावतीलाही हाव, अकोल्यालाही हाव, गावात राहायलाही हाव. तीन ठिकाणी एक माणूस कसा पुरवायचा?

तुझं पत्र वाचून मी रात्रभर आठवत होते आणि एकटीच हसत होते. कान खाजवत म्हटलेलं हाव म्हणजे ऐकलं नाही. हाव हाव असं दोनदा म्हटलं की ते काम होत नाही. हाव पाहू म्हणजे विसरले. आणि हाव म्हटलं ना, हे तर चक्क नाही! लहानपणी जत्रेला नेण्याबद्दल आपण हेच ऐकत मोठ्या झालो आणि एकदाही जत्रा पाहिली नाही. पोळ्याला बाबा मला हाव म्हटलं ना म्हणाले, आणि मी इकडे येऊन मशीन जिन्याखाली टाकली. मी निरा बावळट आहे.

पण आता काय करायचं सांग. तोंडानं ते नाही म्हणत नाहीत. एकटं ठेवलं आणि पुन्हा पडले, तर त्यांनी कसलं हाव म्हटलं होतं हे गावाला सांगत बसू का आपण? शेवाळ काढलं म्हणतात, त्यावरही माझा भरवसा नाही. तेव्हा मी ठरवलं, दिवाळी ते होळी माझ्याकडे आणि उन्हाळ्यापासून तुझ्याकडे. फोन करून ओरडून ओरडून सांगितलं. हाव म्हणाले. पेटी भरून ठेवा म्हटलं, त्यालाही हाव.

अविधवा नवमीला मी गाडी करून जाते आहे. आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालते आणि संध्याकाळी बाबांना घेऊनच निघते. तूही ये. आली नाहीस तर मागाहून मला काही म्हणायचं नाही.

कळावे. तुझ्या वाटणीचे बाबा नीट सांभाळून ठेवीन, असाच विश्वास असू दे.

चंदाताई


अकोला
३० सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नवमीला येता आलं नाही. नितेशच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात ठरलं. आता बरा आहे, वॉकर घेऊन चालतो आणि दर पावलाला मला हाक मारतो.

पण तू काही कळवत का नाहीस? फोन लावला तर पत्रात लिहिते म्हणून ठेवून देतेस. तुझा आवाजही बसल्यासारखा वाटला. काल बाबांना लावला. विचारलं, अमरावतीला पोचलात का? हाव म्हणाले. पलंग चांगला आहे का? हाव. आणि मागे गाय हंबरत होती. अमरावतीला तुझ्या जिन्याखाली आता गायही बांधली आहेस का?

लवकर लिही. लोणच्याला तेल आलं, पण घास उतरत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
दीपू


अमरावती
४ ऑक्टोबर २०२४

चि. दीपूस,
अनेक आशीर्वाद.

गाय गावातलीच. बाबा आले नाहीत. खरं म्हणजे मीच आणले नाहीत. आता पूर्ण वाच, मधेच ओरडू नको.

नवमीला सकाळीच पोचले. स्वयंपाकघरात वडे तळत होते, बाबा ओट्यावर होते. श्रावण आला आणि त्यानं पंप मागितला. बाबा म्हणाले हाव, ने ना, पण घरात इचार. मला वाटलं मी आत आहे म्हणून म्हणाले असतील. श्रावणनं अंगणात चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि चौकटीला हात टेकून उभा राहिला. मला पाहिलं आणि असा लाजला की कानापर्यंत लाल झाला. मी म्हणणार होते, ने बाप्पा, तिकडे कोपऱ्यात आहे. त्यानं मानेनंच मला नको नको केलं. थोडा वेळ तसाच खाली बघत उभा राहिला, आतून कोणी बोलतंय आणि तो ऐकतोय असा. मग वळून मोठ्यानं बाबांना सांगितलं, की काकू नाही म्हणते. बाबा म्हणाले, मग राहू दे, ती म्हणते त. आणि तो गेला.

दीपू, वडे जळून कोळसा झाले तरी मला कळलं नाही.

मागच्या दारानं जाऊन त्याला गाठलं. म्हटलं हे काय चाललंय. सांगायला तयार नव्हता, मग हळूहळू सांगितलं. आई गेल्यावर सुरुवातीला लोक आपल्या घरून काहीही न्यायचे. शिडी, ताडपत्री, वखर, सगळं. बाबा सवयीनं हाव म्हणायचे, घरात इचारा म्हणायचे, आणि मग नुसते जमिनीकडे बघत राहायचे. माणूस वस्तू उचलून निघून जायचा. पंप मोडून परत आला. बाबा जेवेनासे झाले. मग एक दिवस उत्तमरावकाका दोर मागायला आले. बाबा म्हणाले, घरात इचारा. काका खरंच आत गेले. उभे राहिले. आणि डोळे पुसत बाहेर येऊन म्हणाले, जानराव, वहिनी नाही म्हणते. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले, असं श्रावणची बायको सांगते. तिनंच भाकरी दिली होती.

तेव्हापासून सगळं गाव घरात विचारतं. ज्याला वस्तूची खरी निकड असते तो उत्तमरावकाकांकडून नेतो. पण आपल्या घरी मागायला मात्र येतो. श्रावणकडे स्वतःचा बॅटरीवाला पंप आहे गं! तरी येतो, मागतो, आत उभा राहतो, नाही ऐकून जातो. मी त्याला म्हटलं, म्हणजे सगळं गाव मिळून माझ्या बापाशी लबाड बोलून राहिलं. तर तो मलाच विचारतो, ताई, काकू असती तर नाहीच म्हणाली असती ना? मग यात लबाड काय बोललो आमी?

याचं उत्तर तूच शोध. तुला सुचलं तर कळव.

संध्याकाळी गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. पेटी भरलेली होती, मी उघडून पाहिली. अर्ध्या पेटीत तूरडाळ, कुरड्या, सुक्या मिरच्या, आणि अर्ध्या पेटीत पुन्हा तेच. मधे एक जुनं धोतर घडी करून आडवं लावलेलं, तुझा वाटा आणि माझा वाटा सरमिसळ होऊ नये म्हणून. त्यांचे स्वतःचे सदरे बाहेर दोरीवर वाळत होते. बाबा पेटीशी उभे राहिले आणि म्हणाले, चल. ते मुकाट्यानं आलेही असते, दीपू. मी म्हटलं असतं तर ते आले असते, पूर्वेच्या खिडकीशी बसले असते आणि मी विचारलं असतं करमतं का, तर हाव म्हणाले असते. मरेपर्यंत म्हणाले असते.

मी त्यांना म्हटलं, थांबा बाबा, मी घरात विचारून येते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं दिसेना. मी आत गेले. आईचा हात टेकायचा तिथेच चौकटीवर हात ठेवला. विचारलं, आई, नेऊ का गं यांना? खूप रडले. मग तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की आई नाही म्हणते.

बाबा हाव म्हणाले. कान खाजवला नाही, दोनदा म्हटलं नाही. मग माझी डाळ मला काढून दिली आणि तुझी परत पेटीत ठेवली.

तू रागावशील हे मला माहीत आहे. तुला न विचारता परत आले. तुझाही हक्क आहे, तूही जाऊन विचार.

कळावे. यावेळी लोभाचं काही लिहिवत नाही, तो तूच समजून घे.

ताई


अकोला
१५ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, रागावले. तुझं पत्र वाचून आधी रडले, मग भयंकर रागावले. नितेशला म्हटलं, ताई चौकटीशी बोलून आली, पण चौकट काही पडलेल्या माणसाला उचलत नाही. बाबांचं हसं होतंय गावात असंही वाटलं. म्हणून दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं गेले. मनात पक्कं ठरवून गेले होते. गावाला आईच्या नावानं नाही म्हणता येतं, तर मला हो म्हणायला काय झालं? आत जायचं, उभं राहायचं, बाहेर येऊन म्हणायचं, आई हो म्हणते, दीपूसोबत जा म्हणते. बसवायचं गाडीत आणि आणायचं. त्यांच्या जिवासाठी एक खोटं हो, त्यात कसलं पाप?

बाबांच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडले आणि म्हटलं अकोल्याला नेते. हाव म्हणाले. म्हटलं, घरात विचारून येते.

आत गेले. पाट भिंतीला टेकवलेला, तिखटाचा डबा तिच्याच जागेवर. ताई, मी तिथे उभी राहिले आणि आई कोणाला तोंडदेखलं हो म्हणाली असेल असा एक प्रसंग आठवायला लागले. तुला लग्नात ती शेंदरी साडी हवी होती, नाहीच म्हणाली. मला नागपूरला शिकायचं होतं तेव्हा आधी नाही म्हणाली, चार दिवस विचार केला, मग हो म्हणाली, आणि मग बाबांच्या भावकीशी भांडून पाठवलं. तिचं हो असं असायचं. तिच्या तोंडी मी खोटं हो घालणार होते. ते काही घालवेना. बाहेर येऊन म्हटलं, आई नाही म्हणते.

आणि बाबा हसले गं! म्हणाले, तुलेबी नाई म्हटलं का? मग चंदा खरं बोलली. मले वाटलं ते लबाड बोलून राहिली. म्हणजे इतके दिवस ते तुझ्यावर संशय घेऊन बसले होते. मी तुला लबाड म्हणाले ते मागे घेतलं होतं, आता बाबांच्या वतीनंही घेते.

शेवाळ काढलेलं नव्हतं. मी चुना टाकून, घासून काढलं, आणि श्रावणनं न्हाणीपासून ओट्यापर्यंत बांबूचा कठडा बांधून दिला. सकाळी त्याची बायको भाकरी द्यायला येते, दार बंद दिसलं तर लगेच आपल्या दोघींना फोन करणार आहे. तुझा तो कमोड काढून गावी पाठव, पलंग आवर, तुझ्या मशीनला जागा होईल आणि बायकांची डोकी वाचतील. महिन्यातून एकदा तू जा, एकदा मी. काळजी गेली नाही माझी. पण त्यांना ओढून आणण्याचा हट्ट गेला.

दिवाळीला तरी या म्हणायचं मनात होतं. विचारलं नाही. पुन्हा आईनं नाहीच म्हटलं असतं तर मला सोसलं नसतं.

कळावे. लोभ तर तुझा आहेच, रागही असाच हक्कानं करू दे.

तुझी,
दीपू


मु. पो. गावाहून
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चंदा अन् चि. सौ. दीपमाला यायले,
जानरावचे आशीर्वाद. या खेपी एकच पत्र लिहिलं, चंदाकडं धाडतो. चंदानं वाचून दीपूले पाठवजो.

सोयाबीन घरात आलं. कठडा चांगला झाला, त्यावर धोतर वाळते. चंदाचा तो कमोड आला. उत्तमराव पाहून गेला, त्यालेबी तसाच पायजे म्हन्ते.

तुमी दोघी आल्या, घरात इचारून गेल्या. मी काल बसलो होतो त मनात आलं, का साऱ्या गावाले मी घरात इचारा म्हन्तो, पन मी सोता काई इचारलंच नाई. ते होती तवाबी नाई इचारलं. बाहीर हाव म्हनून मोकळा होवो, अन् निस्तरे ते. लोकायनं तिले खाष्ट म्हटलं, मी ऐकून घेतलं, एका शब्दानं बोललो नाई. हे मले काल लय लागलं.

मंग मी चपला काढल्या. चौकटीले हात टेकून उभा राहिलो. म्हटलं, दिवाळी आली, पोरी वाट पाहून राहिल्या, आठ रोज जाऊन येऊ का? उभाच राहिलो. बाहीर गाय वरडली तरी हाललो नाई.

हाव म्हन्ते.

पन भाऊबीज झाली का परत या म्हन्ते, गाईचे दिवस भरत आले. म्हनून लक्षुमीपूजनाले चंदाकडं येतो अन् भाऊबीजेले दीपूकडं. चंदा, पलंग काढला असन त टाकून ठेवजो. जवायाले म्हनाव पाय जपजो, मी आल्यावर उठू नोका.

श्रावणले सांगतलं, चार रोज गाय पाहाय, मी पोरींकडं चाललो, तुही काकू हाव म्हन्ते. त्याले खरंच वाटेना. म्हने काका, लबाड नोका बोलू, काकू अन् हाव? म्हटलं, जाय मंग, घरात इचार. गेला. लय वेळ आत उभा राहिला. डोये पुसत आला अन् म्हने, खरंच काका. हाव म्हन्ते.

दोघींले माहे आशीर्वाद. घरातूनबी आशीर्वाद.

तुमचा बाप,
जानराव